लक्ष्मणराव किर्लोस्कर: यंत्र उघडून बघणारा माणूस

मागच्या मे महिन्यात मी पुण्याहून घोलवडला मामाकडे गेलो होतो. घोलवड म्हणजे डहाणू तालुक्यातलं चिकूचं गाव. डहाणू-घोलवडच्या चिकूला जीआय टॅग मिळालाय, हे तुम्ही कदाचित वाचलं असेल. मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतली मोटर पाणी उचलेना. मोटर फिरत होती, आवाज नेहमीसारखाच होता, पण पाइपातून थेंब येत नव्हता. मे महिन्यात वाडीला पाणी नाही म्हणजे काय, ते मामाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी इंजिनीअर, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय केलं? फोन काढला, दोन व्हिडिओ बघितले, मोटर जळाली असणार असं ठरवलं आणि नव्या मोटरच्या किमती शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलासरीहून मिस्त्री काका आले. त्यांनी आधी मोटर बंद करून मेन स्विच खाली पाडला. मग पंपाच्या डोक्यावरचा बूच काढून आत बादलीभर पाणी ओतलं. पाणी वरपर्यंत भरलं आणि बघता बघता खाली गेलं. त्यांनी मान हलवली आणि विहिरीतला पाइप वर ओढायला सांगितला. पाइपाच्या खालच्या टोकाला एक जाळीची लोखंडी डबी होती. तिच्यातली चामड्याची चकती एका बाजूने फाटली होती. काकांनी ती काढली, नवी चकती बसवली, पाइप सोडला, पंपात पाणी भरलं आणि मोटर चालू केली. पाणी आलं. खर्च माझ्या महिन्याच्या इंटरनेट रिचार्जपेक्षा कमी.

खरं सांगतो, मला लाज वाटली. चार वर्षं इंजिनीअरिंग करून मी ते यंत्र कधी उघडूनच बघितलं नव्हतं. त्या रात्री मी आपल्याकडे पंप बनवायला कुणी सुरुवात केली ते वाचत बसलो आणि एका माणसापाशी थांबलो. त्याच्याकडे इंजिनीअरिंगची पदवी नव्हती. त्याचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

आधी समजून घेऊ: ती चकती नक्की काय करते?

विहिरीच्या काठावर जी साधी मोटर असते ती सेंट्रिफ्यूगल पंप चालवते. आत एक पंख्यासारखं चाक असतं, त्याला इम्पेलर म्हणतात. ते जोरात फिरलं की पाणी बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, मधे दाब कमी होतो, आणि विहिरीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब नवं पाणी पाइपातून वर ढकलतो. म्हणजे पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं काम वातावरणाची हवा करते. म्हणूनच अशा पंपाला मर्यादा आहे. समुद्रसपाटीला हिशोबाने १०.३ मीटर, प्रत्यक्षात ६-७ मीटर. त्याहून खोल पाणी असेल तर पंपच खाली न्यावा लागतो, म्हणून सबमर्सिबल.

आता गंमत अशी की पंपात पाण्याऐवजी हवा असेल तर चाक कितीही फिरलं तरी उपयोग नाही. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी आहे, ती फेकून पुरेसा दाब तयारच होत नाही. त्यामुळे पाइप आणि पंप आधीपासून पाण्याने भरलेले लागतात. मोटर बंद झाल्यावर ते पाणी परत विहिरीत जाऊ नये म्हणून पाइपाच्या तळाशी एकाच दिशेने उघडणारी झडप असते. तिचं नाव फूट व्हॉल्व्ह. गावाकडे तिला सर्रास फुटबॉल म्हणतात, त्यामुळे दुकानात फुटबॉल मागितला तर दुकानदार हसत नाही.

फुटबॉलची चकती फाटली की पाणी निसटतं, पंपात हवा धरते आणि मोटर नुसती फिरत राहते. कोरडी फिरली की पंपाचं सीलही तापून खराब होतं. म्हणजे काही रुपयांची चकती वेळेत बदलली नाही, तर काही हजारांचा पंप जातो. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घरात वेदांताचा अभ्यास. मुलाचं लक्ष मात्र पुस्तकांपेक्षा चित्रात आणि यंत्रात. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला हे कळणं म्हणजे क्रिकेटपटूला चेंडू दिसत नाही हे कळण्यासारखं. रंगकाम सुटलं. पण रेषा सुटली नाही. यंत्रांची आरेखनं काढायला रंग लागत नाहीत, तिथे लागतं ते माप आणि नजर. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग शिकून घेतलं आणि नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्याच विषयाचे सहायक शिक्षक झाले.

तिथे कार्यशाळा होती. शिकवून झालं की लक्ष्मणराव यंत्रांपाशी. कुठलं चाक कुणाला फिरवतं, कुठला भाग आधी झिजतो, खोलून परत कसं जोडायचं, हे ते हाताने शिकले. परदेशी यंत्रमासिकं मागवून वाचायची सवयही लागली. आज आपण एखादा कोर्स ऑनलाइन करतो, तसंच काहीसं. फरक एवढाच की व्हिडिओ थांबवून मागे नेता येत नव्हता, चुकलं तर लोखंडच सांगायचं.

सायकल, आणि पहिली झडप

त्या काळात मुंबईत सायकल हे नवलाचं वाहन होतं. लक्ष्मणरावांनी ती बघितली, शिकून घेतली आणि बेळगावला रामूअण्णांना धंदा सुचवला. मुंबईहून सायकली पाठवायच्या, बेळगावात रामूअण्णांनी विकायच्या, आणि चालवायलाही शिकवायचं. शिकवणीची फी १५ रुपये. हे साल १८८८. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात इथून झाली.

योगायोग बघा, त्याच १८८८ मध्ये डनलपने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. पुढच्या काही वर्षांत सायकलीत हवा आली आणि हवेबरोबर झडपही आली. आपल्या लहानपणी सायकलला जी वॉलट्यूब बदलायला लागायची ती आठवते? बारीक रबरी नळी, हवा आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही. आणि हातपंपाच्या दांड्यावरचं चामड्याचं वायसर? वॉलट्यूब, वायसर आणि फुटबॉलची चकती ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. दिशा एकच ठेवायची आणि झिजायचं, एवढंच त्यांचं काम.

सायकलचा धंदा करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. विकणं एकदा होतं, दुरुस्ती कायमची असते.

नोकरी सुटली, नांगर आला

व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. छोटी कार्यशाळा काढली. आधी कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर घेतला.

आणि इथे त्यांची खरी परीक्षा झाली. शेतकऱ्यांना शंका होती की लोखंडामुळे जमीन विषारी होईल, पीक येणार नाही. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. विचार करा, तुम्ही एक ॲप बनवलं आणि दोन वर्षं एकही डाउनलोड नाही. आपल्यापैकी किती जण टिकतील?

शेतकऱ्याची शंका वेडेपणाची नव्हती. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार तो दुरुस्त करायचा. लोखंडी नांगर मोडला तर जायचं कुणाकडे? नवीन यंत्र घेणाऱ्याच्या मनात हा प्रश्न नेहमी असतो, मग तो बोलून दाखवो किंवा न दाखवो. नांगरात जमिनीत घुसणारा फाळ सगळ्यात जास्त झिजतो. बाकी सांगाडा वर्षानुवर्षं टिकतो. फाळ वेगळा काढून बदलता आला आणि तो मिळत राहिला, तर नांगर चालत राहतो. फुटबॉलच्या चकतीचा हिशोब इथेही तोच आहे: झिजणारा भाग स्वस्त ठेवायचा, सुटा ठेवायचा आणि हाताशी ठेवायचा.

निवडुंगाच्या माळावर

धंदा जरा सावरतोय तोच बेळगाव नगरपालिकेने वस्ती वाढवायची म्हणून कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. वयाच्या चाळिशीत उभं केलेलं सगळं उचलून कुठे न्यायचं?

औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज देऊ केलं. आजच्या सांगली जिल्ह्यातला हा भाग. जमीन कसली, निवडुंगाने भरलेला, सापांचा माळ होता. १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी तिथे माणसं नेली, निवडुंग तोडला, कारखाना उभारला, शेजारी घरं बांधली. त्या वस्तीचं नाव किर्लोस्करवाडी.

लक्ष्मणरावांनी माणसं निवडताना कागद बघितले नाहीत. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणदार म्हणून ठेवलं, कारखान्याची जबाबदारी दिली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम केला, तोही १९१० च्या दशकात. औंधच्या राजांसारखं छत्र होतं हे खरं, पण शेजारच्या गावांचं बोलणं त्यांनाच ऐकून घ्यायचं होतं.

पहिल्या महायुद्धात परदेशी अवजारांची आयात आटली. मागणी वाढली, पण कोळसा आणि कच्चं लोखंडही मिळेनासं झालं. तरी कारखाना बंद पडला नाही. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं असं एकेक अवजार वाडीतून बाहेर पडत गेलं. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली.

त्याच १९२० मध्ये अजून एक गोष्ट सुरू झाली, जी आपल्यासारख्या वाचकांसाठी खास आहे. कारखान्यातून किर्लोस्कर खबर नावाचं मासिक निघालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ते बघायचे. कारखान्याची आणि यंत्रांची माहिती मराठीत लोकांपर्यंत पोचवायची, हा त्याचा मूळ हेतू. पुढे ते किर्लोस्कर या नावाने घराघरातलं मासिक झालं. तुम्ही आत्ता जे वाचताय, मराठीतून यंत्राची गोष्ट, त्याचं एक मूळ तिकडे आहे.

मोट ते पंप

विहिरीचं पाणी तेव्हा मोटेने निघायचं. चामड्याची मोठी मोट, नाडा आणि बैल. बैल उतारावरच्या धावेवरून पुढे जायचे, मोट वर यायची, पाणी पाटात पडायचं, बैल पुन्हा उलट पावलांनी मागे. दिवसभर हेच.

१९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून मेकॅनिकल इंजिनीअर झाला आणि घरी परतून कामाला लागला. वडील हाताने शिकलेले, मुलगा जगातल्या नावाजलेल्या कॉलेजात शिकलेला. दोघांना एकाच कार्यशाळेत काम करायचं होतं. मला या जोडीचं फार कौतुक वाटतं, कारण आपल्याकडे या दोन प्रकारच्या शिकलेल्यांमध्ये सहसा अंतर असतं. घोलवडच्या विहिरीवर मी आणि मिस्त्री काका उभे होतो, तेव्हा ते अंतर मला स्वतःला जाणवलं.

तेव्हा बहुतेक खेड्यात वीज नव्हती. पंप फिरवायचा तर इंजिन हवं. म्हणून पंपाच्या मागे इंजिन आलं, आणि वीज आली तशी मोटर. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाल्या. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपाल तिकीट काढलं.

आता थोडं आजचं: डायफ्रॅम पंप

डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्यामुळे इथे उद्योगांवर बंधनं आहेत. डहाणू-तलासरीकडची बरीच पोरं कामासाठी तारापूर एमआयडीसीत, नाहीतर हायवेने गुजरातमध्ये उंबरगाव, वापीकडे जातात. माझा मामेभाऊ त्यातलाच. तो एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि त्याच्या हाताखाली डायफ्रॅम पंप असतात.

हा पंप सेंट्रिफ्यूगलपेक्षा वेगळा. यात फिरणारं चाक नाही. हवेवर चालणाऱ्या पंपात दोन रबरी किंवा टेफ्लॉनचे पडदे एका दांड्याला जोडलेले असतात. तेच डायफ्रॅम. दाबाची हवा एकदा या पडद्याला, एकदा त्या पडद्याला ढकलते. पडदा मागे गेला की द्रव आत येतो, पुढे आला की बाहेर जातो, आपल्या छातीच्या भात्यासारखं. द्रव उलटा जाऊ नये म्हणून चार झडपा असतात, बहुतेक वेळा साधे गोळे, जे आपापल्या बैठकीवर बसतात आणि उचलले जातात. हा हवेवर चालणारा प्रकार अमेरिकेत जिम विल्डेन यांनी १९५५ मध्ये आणला. यात शाफ्टचं सील नसतं, म्हणून ॲसिड, रंग, गाळ अशा त्रासदायक गोष्टींसाठी तो वापरतात. आणि फुटबॉलसारखं याला आधी पाणी भरावं लागत नाही.

भावाने सांगितलेली लक्षणं अशी:

- पंपाच्या हवा सोडायच्या तोंडातून द्रव यायला लागला, किंवा पुढच्या पाइपात बुडबुडे दिसले, तर डायफ्रॅम फाटला.
- पंप ठकठक चालतोय पण द्रव चढत नाही, तर गोळे झिजलेत किंवा बैठकीत कचरा अडकलाय.
- पुढचा कॉक बंद केला तरी पंप थांबत नाही, तर आतून झडप गळतेय.

उघडायचा क्रमही ठरलेला आहे. हवा बंद करायची आणि तिथे कुलूप-पाटी लावायची, म्हणजे दुसरं कुणी चुकून चालू करणार नाही. मागचे-पुढचे कॉक बंद. मग आतला दाब सोडायचा. आतला द्रव काढून, त्याला चालेल अशाने धुऊन घ्यायचं. त्यानंतरच बोल्ट. डायफ्रॅम बदलताना दोन्ही एकदम बदलायचे, कारण एक फाटला तर दुसऱ्याचंही वय तेवढंच असतं. गोळे आणि बैठका बोटाने चाचपायच्या. परत लावताना बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळायचे, नाहीतर पडदा एका बाजूला दबतो.

यातली एकच पायरी भाऊ एकदा विसरला. हवा बंद केली, पण दाब सोडला नाही. पहिला बोल्ट ढिला होताच द्रव उडाला. गॉगल आणि हातमोजे होते म्हणून डोळे वाचले. मनगटावर, मोजा संपतो तिथे, डाग अजून आहे. त्याला तो डाग दाखवायची लाज वाटत नाही. नवीन पोरगा कामावर आला की तो आधी मनगट दाखवतो, मग पाना देतो.

तुमच्या हातातल्या फोनचं काय?

फाळ, वायसर, फुटबॉलची चकती, डायफ्रॅम. हे सगळे झिजण्यासाठीच बनवलेले भाग आहेत, म्हणजे महागडं यंत्र झिजत नाही. फोनमध्ये हे काम बॅटरी करते. ती दोन-तीन वर्षांत थकणारच. पण बॅटरी चिकटवलेली असेल आणि सुटा भाग मिळत नसेल, तर आपण चकतीसाठी पंप फेकून देतो, दुसरं काही नाही.

याच प्रश्नावर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल आहेत, गाड्या आहेत, घरातली उपकरणं आहेत, आणि शेतीची यंत्रंही आहेत. पुढच्या वेळी फोन फेकण्याआधी तिथे एकदा बघा.

ज्याला रंग दिसत नव्हते त्याने रेषा धरली. बढती नाकारली तेव्हा कार्यशाळा काढली, जागा गेली तेव्हा माळ साफ केला. लक्ष्मणरावांच्या आयुष्यात भाग झिजत राहिले, आणि ते बदलत राहिले.

आणि हो, मी आता मामाच्या घरी एक पाना, दोन जास्तीच्या चकत्या आणि बूच उघडायची चावी एका डब्यात ठेवली आहे. पुढच्या मे महिन्यात मोटरीने हवा धरली, तर आधी स्विच पाडायचा आणि मग बादली आणायची, हे मला येतं. मिस्त्री काकांनी बाजूला उभं राहून एकदा माझ्याकडून करून घेतलंय.